टाकी उतरवली, हौद भरला

आमच्या अप्पांच्या मोटारीची पेट्रोलची टाकी मी घरीच, स्वतःच्या दोन हातांनी उतरवली. उतरवली म्हणजे खरोखर उतरवली. कुणाला शंका असेल तर त्यानं माजलगावला आमच्या घरी यावं. टाकी न्हाणीमागं पडलेली आहे आणि गाडी अंगणात उभी आहे. दोघींची भेट मात्र त्यानंतर पुन्हा झाली नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती, तेव्हा तीसेक वर्षांपूर्वी त्यांनी ही निळी मोटार घेतली, तीही कुणीतरी वापरलेली. घेतल्या दिवशी त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या गोदाआत्याला शब्द दिला होता, "गोदे, पंचमीला तुला ह्याच गाडीत माहेरी आननार." आत्या युसूफ वडगावला दिलेली. पण दर नागपंचमीला काहीतरी आडवं यायचं. एका वर्षी तिची सासू आजारी, एका वर्षी म्हैस व्यायला झालेली, एका वर्षी गाडीच गॅरेजात. आत्या आपली मांडीवर पिशवी घेऊन एसटीनं यायची आणि एसटीनं जायची. शब्द तसाच राहिला.

गेल्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर तिचा फोन आला. "दादा, गुडघं गेले रे. यष्टीची पायरी चढवत न्हाई. औंदा तुजी गाडी आली तर येते, न्हाईतर हितूनच हात जोडते."

अप्पांनी फोन ठेवला आणि फडकं घेऊन गाडी पुसायला लागले. वय ब्याऐंशी. मी त्यांना इतकं हलकं चालताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली पेट्रोलचे थेंब दिसले. अप्पांनी लगेच रशीदचाचांना बोलावलं. रशीदचाचा आमचे मेस्त्री. ही गाडी आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त ओळखते. ते खाली वाकले, बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "टाकी सांध्याला कुजली. उतरवून, धुऊन, डाग देऊन सांधा जोडावा लागंल. चार दिवस माझ्याकडं ठेवा. आत किती हाय?"

"असेल दोन-चार लिटर," मी म्हणालो. (गाडीचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावरच अडकलेला आहे. गाडी पेट्रोलवाचून बंद पडली तरी तो अर्ध्यावरच असतो.) अप्पा नुसते फडकं पिळत राहिले.

"टाकी उतरवायचं तर मीही करीन की," मी सहज म्हणालो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मोबाइलवर एक चित्रफीतही पाहिली होती, त्यात एका हसऱ्या माणसानं नऊ मिनिटांत टाकी उतरवली होती.

"न्हाई मास्तर," रशीदचाचा म्हणाले. "पेट्रोलचं काम हाय. टाकी रिकामी झाली तरी रिकामी नसती."

आणि अप्पा हसले. तसं काही विशेष नव्हतं, नुसते हसले आणि म्हणाले, "रशीदच्या हाताला गुन हाय. तू आपला खडू धर."

इथं माझं बिनसलं. खरं सांगतो, मला त्या हसण्याचा राग आला. पन्नाशी उलटलेला माणूस मी, पण माझ्या हाताला गुण आहे असं अप्पा आजवर एकदाही म्हणाले नव्हते. आता म्हणायला लावायचंच, असं मी ठरवलं. रशीदचाचा गाडी सोमवारी न्यायला येणार होते. मी रविवारी सकाळी अप्पांना म्हणालो, "तुम्ही जरा रशीदचाचांकडं चहा पिऊन या." ते गेले. माझी बायको मंगल बचत गटाच्या बैठकीला गेली होती. मैदान मोकळं झालं.

गाडी मागून जॅकवर उचलली, चाकांना दगड लावले, खाली दोन मोठे ठोकळे सरकवले आणि अंगणात पाठ टेकून आत शिरलो. टाकीच्या तळाचा नट सैल करून खाली पाच लिटरचा कॅन धरला. कॅन भरला. धार चालूच. दुसरा कॅन लावला. तोही भरला. धार तशीच, उलट जोरात! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लांब जायचं म्हणून अप्पांनी मी शाळेत गेल्यावर गाडी पंपावर नेऊन टाकी काठोकाठ भरून आणली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती पूर्ण भरली, म्हणून तर वरचा कुजका सांधा गळायला लागला होता. आणि रशीदचाचांसमोर हा पोरासारखा उतावळेपणा सांगायची त्यांना लाज वाटली होती.

नट परत बसेना. जवळ भांडं नाही. मी सरपटत बाहेर आलो आणि हाताला लागेल ते उचललं. हौदाशेजारी आमच्या तीन घागरी आणि एक मोठा हंडा पालथा होता. आमची गल्ली उंचावर आहे, नळ आठव्या दिवशी येतो. (धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्या गल्लीत म्हण म्हणून कुणी वापरत नाही, पत्ता म्हणून सांगतात.) पाळी मंगळवारची होती, त्यामुळं भांडी रिकामीच होती. एकेक भरत गेलो आणि हौदाच्या कडेला ओळीनं मांडत गेलो. अगदी नीटनेटकं. शाळेतल्या प्रयोगशाळेत मांडतात तसं.

मग टाकीच्या पट्ट्या सोडल्या. चित्रफितीतल्या माणसाची टाकी अलगद त्याच्या हातात आली होती. माझी छातीवर आली. आणि आली तीही अर्धीच, कारण पेट्रोल ओतायची मान वरच्या पत्र्यात गंजून बसली होती. म्हणजे वरून टाकी सुटत नाही, खालून मी सुटत नाही. दोन्ही हातांनी ती छातीशी धरून मी आता पुढं काय, याचा विचार करत होतो.

तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली, "नळ आले!"

दोन दिवस आधी! आता ज्यांच्या घरी रोज पाणी येतं त्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडं ही आरोळी ऐकली की माणूस विचार करत नाही. हातातलं टाकतो आणि धावतो. आणि शेजारचं घर मोकळं दिसलं तर त्यांचंही पाणी आपणच भरतो, ही गल्लीची जुनी रीत. त्या रीतीनं सोनवणेकाकू, म्हणजे आमच्या शेजारीण, फाटकातून आत शिरल्या. त्यांच्या मागोमाग बैठक अर्धी सोडून मंगल. मला गाडीखालून फक्त चार पाय दिसत होते.

"अगंबाई, मास्तरांनी आधीच पानी भरून ठिवलंय की," काकूंचे पाय म्हणाले.

"यांनी?" मंगलचे पाय थांबले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तिच्या आवाजात माझ्याविषयी इतकं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं. "चला, हे हौदात ओतू. भांडी परत लावू."

"मंगल," मी खालून ओरडलो. "ओतू नको. त्यात पेट्रोल आहे."

छातीवर टाकी असताना माणसाचा आवाज किती निघतो हे मी विज्ञानाचा शिक्षक असूनही कधी तपासलं नव्हतं. फार निघत नाही.

"काय असंल ते मग सांगा हो," मंगल म्हणाली. "नळ आलेत."

पहिली घागर हौदात गेली. वास? चार दिवस गाडी गळत होती, अख्ख्या अंगणाला तोच वास होता, कुणाच्या नाकाला तो वेगळा वाटेना. रंग म्हणाल तर नळाचं पहिलं पाणी आमच्याकडं तसंही रंगीतच येतं. दुसरी घागर सोनवणेकाकूंनी उचलली आणि कौतुकानं म्हणाल्या, "आज पानी लई हलकं लागतंय गं."

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं. हा धडा मी दरवर्षी शिकवतो. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं तो काकूंइतका अचूक सांगितला नाही.

तिसरी गेली. हंडाही दोघींनी मिळून ओतला. रिकाम्या भांड्यांत नळाची धार पडू लागली, ती भरून हौदात जाऊ लागली. मी खालून विनवण्या करत होतो. "आले आले," असं मंगल दर वेळी म्हणत होती आणि येत नव्हती. शेवटी हौद भरला, आणि मला ते वाक्य ऐकू आलं.

"काकू, दमलात. बसा, चहा टाकते."

घराचं दार हौदापासून चार पावलांवर. आत गॅसची शेगडी. बाहेर पेट्रोलची साय धरलेला हौद. मी काय केलं ते मला धड आठवत नाही. अंगात कुठून बळ आलं माहीत नाही, पण ती टाकी मी अंगावरून झुगारून दिली. वर गंजलेली मान कडकन तुटली. टाकी दगडावर आपटली आणि कुजलेला सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत उलला. मी शर्टाच्या चिंध्या घेऊन बाहेर आलो आणि मंगलच्या हातातला लायटर हिसकावून थेट गल्लीत पळालो. सोनवणेकाकूंना वाटलं, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी तसं चारचौघांना सांगितलंही, आणि अजून ते परत घेतलेलं नाही.

मंगलनं हौदात डोकावून पाहिलं. पाण्यावर निळे, जांभळे, हिरवे रंग पसरले होते. ती म्हणाली, "आठ दिवसांचं पाणी हो." तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुणीतरी निरोप दिला, तसे रशीदचाचा आणि अप्पा धावतच आले. चाचांनी आधी सगळ्यांना लांब केलं, गॅस सिलिंडर स्वतः उचलून फाटकाबाहेर नेला, हौदावरची पाण्याची विजेची मोटार लावू दिली नाही. "ठिनगी पडंल. हातानंच उपसा." लोखंडी नको म्हणून प्लॅस्टिकच्या बादल्या मागवल्या. पुढचे दोन दिवस त्यांनी, मी आणि गल्लीतल्या चार जणांनी हौद उपसला, घासला, पुन्हा घासला. गल्लीनं एकेक घागर करून आम्हाला आठवडाभर पाणी पुरवलं. मग चाचांनी ती टाकी उलटीपालटी करून पाहिली आणि खाली ठेवली.

"ह्यात आता डाग धरायलाबी पत्रा उरला न्हाई, अप्पा. आनि ही टाकी आता मिळत न्हाई."

त्यांनी बीड, परळी, अंबाजोगाई, जिथं जिथं जुन्या गाड्या मोडतात तिथं फोन केले. तशी टाकी कुठंच नव्हती. मी म्हणालो, डिकीत एखादा कॅन ठेवून नळी जोडली तर? चाचा पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "आत मानसं बसनार हायती, मास्तर."

अप्पा पायरीवर बसून होते. रागावले नाहीत. मी सांगितलं, तुम्ही मला बोला काहीतरी. ते म्हणाले, "मला काय बोलायचं? गोदीला फोन कोन करनार, तेवडं सांग."

फोन मीच केला. सगळं सांगितलं. आत्या पलीकडून म्हणाली, "आसू दे रे सुद्या. तुला लागलं तर न्हाई ना?" मला चांगलं लागलं होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मी भाड्याच्या गाडीनं न्यायला येतो म्हणालो. "ये की," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "पर दादाची गाडी वळकतेत रे हितल्या बाया. तीस वर्सं सांगत आलेय मी त्यास्नी."

चार दिवस थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? चाचांनी टाकी नेली असती, डाग दिला असता, आणि वडगावच्या पारावरून ती निळी गाडी हॉर्न वाजवत आत्याच्या दारात गेली असती. हा विचार मी आजही करतो. अगदी वर्गात शिकवतानाही करतो.

पंचमीला भाड्याची पांढरीशुभ्र गाडी घेऊन आत्याला आणलं. आत थंडगार हवा होती, गाणी होती. आत्या वाटभर दाराला चिकटून बसली होती. घरी उतरली ती ओवाळून घ्यायला दारात थांबलीच नाही. काठी टेकत थेट अंगणातल्या निळ्या गाडीपाशी गेली, दार उघडून मागं बसली आणि म्हणाली, "दादा, बस की."

अप्पा पुढं जाऊन स्टिअरिंग धरून बसले. दोघंही समोरच्या भिंतीकडं बघत होते. मला ते बघवेना. मी आत जायला वळलो, तर आत्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सुद्या, जातूस कुटं? ढकल की."

मी ढकलली. फाटकातून बाहेर, गल्लीतून कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत. पोरीबाळी झोके सोडून बघायला आल्या. आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मंत्र्यासारखा हात हलवला. अप्पा हॉर्न वाजवत होते. एवढंच नाही, मधेच त्यांनी सवयीनं गिअर टाकला, बंद गाडीचा! त्याचा झटका माझ्या कमरेला बसला. "जरा जोरात घे," आत्या म्हणाली. "वडगाव लांब हाय."

यंदाची पंचमी यायच्या आधीच आत्या गेली. तिला हवा होता वडगावपासूनचा सगळा रस्ता. मी तिला आमची गल्ली दिली, आणि तीही ढकलून.

पंचमीला आमच्याकडं कुणी औत धरत नाही, जमिनीला टोक लावत नाही. मी गाडी ढकलली त्या दिवशी सगळ्या तालुक्यातले बैल दावणीला बसून निवांत रवंथ करत होते. जुंपलेला असा मी एकटाच.