पुस्तकात नसलेला भाग

माझ्या वडिलांना, नानांना, काचबिंदूने गाठलं ते निवृत्तीनंतर. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धुरकट झालं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तेव्हा नानांनी एकच विचारलं, "वाचता तर येईल ना?"

डॉक्टर चिठ्ठीवर थेंबांचं नाव लिहू लागले. नाना समजले.

नाना जळगावच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, कोणती रद्द झाली, हे माइकवरून सांगण्यात त्यांचा जन्म गेला. दोन घोषणांच्या मधल्या वेळात टेबलाच्या खणात उघडी ठेवलेली कादंबरी वाचायची, ही त्यांची चैन. आमच्या घरात पैसा बेताचा होता, पण वाचनालयाची वर्गणी कधी चुकली नाही.

मी धुळ्याला असते, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. नानांचं वाचन थांबल्यावर मी त्यांना मेमरी कार्डवर चालणारा एक लहान स्पीकर आणून दिला. आई त्याला डब्बा म्हणू लागली. त्यात बोलकी पुस्तकं भरून देणं हे माझं काम झालं.

पहिलं पुस्तक एका बाईंनी वाचलेलं होतं. मागे बासरी, दुःखाचा प्रसंग आला की आवाजात कंप. नानांनी दोन दिवस ऐकलं आणि मला फोन केला.

"दुसरं काहीतरी दे. ही बाई आधीच रडून घेते. मग मी काय करू?"

दुसरं पुस्तक एका पुरुषाच्या आवाजात होतं. अंध वाचकांसाठी हौसेने वाचन करणाऱ्या कुठल्याशा गटातला माणूस. आवाज सपाट. कोणी जन्मो, कोणी मरो, स्वर तोच. सुरुवातीला "भाग पहिला" म्हणायचा, शेवटी "भाग पहिला समाप्त". मला तो ऐकून जांभया आल्या. नाना मात्र खूश झाले.

"याला म्हणतात सांगणं," ते म्हणाले. "गाडी रद्द झाली तरी सांगणाऱ्यानं घाबरायचं नसतं. घाबरायचं ते प्रवाशांनी."

मग त्या माणसाने वाचलेलं जे मिळेल ते मी भरून देऊ लागले. त्यात नदीकाठच्या गावातल्या तीन भावांची एक लांबलचक कादंबरी होती. रोज संध्याकाळी मी फोन करायचे आणि नाना दिवसभरात ऐकलेला भाग सांगायचे. बोलायला विषय हवा म्हणून मीही तीच कादंबरी मोबाइलवर घेतली. दर शनिवारी धुळ्याहून जळगावला येताना पारोळा, एरंडोल मागे पडेपर्यंत माझे एकदोन भाग होत.

एका संध्याकाळी नाना म्हणाले, "धाकटा भाऊ गेला गं. पुरात."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज धाकट्याचं लग्न झालं."

"नाना, काल तो वारला ना?"

"वारला होता. आज बोहल्यावर उभा होता. मी काय करू? जसं वाचतात तसं ऐकतो."

शनिवारी मी डब्बा तपासला. घोटाळा साधा होता. ते यंत्र भाग एकनंतर दहा, अकरा, बारा वाजवायचं आणि मग दोनवर यायचं. मी लॅपटॉपवर सगळ्या फाइलींच्या नावात एकच्या आधी शून्य घातलं, दोनच्या आधी शून्य घातलं, आणि पुस्तक सरळ झालं. आई शेजारी लसूण सोलत होती.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, यांचंच काही..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. मी हसले, तीही हसली. तेव्हा आम्हा दोघींना किती हलकं वाटलं होतं, ते मला अजून आठवतं. पुढे काही आठवडे नाना काही वेडंवाकडं बोलले की आम्ही डब्याला दोष द्यायचो.

उन्हाळा लागला. जळगावचा उन्हाळा म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दारं-खिडक्या लावलेल्या, कुलर चालू, आणि त्याच्या घरघरीतून तो सपाट आवाज, तीच कादंबरी पुन्हा पहिल्यापासून. एकदा आईने फोनवर सांगितलं की नाना डब्याला म्हणाले, "थांबा जरा, चहा येतोय." चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "हं, बोला." आई हे गंमत म्हणून सांगत होती. पण सांगताना तिने आवाज खाली घेतला होता.

छापील पुस्तक हातात असलं की किती उरलंय ते अंगठ्याला कळतं. कानाला कळत नाही. "समाप्त" म्हटलं की समाप्त, नाहीतर चालूच. नाना त्या एका शब्दाच्या भरवशावर होते, हे मला त्या संध्याकाळी कळलं. मी नेहमीसारखं विचारलं, "कुठपर्यंत आलात?"

"सातवा झाला."

"मग थोरला गेला का कोर्टात?" सातव्या भागात जमिनीचा खटला होता, मी तो नुकताच ऐकला होता.

"कोण थोरला? आज त्या पोरीचं होतं."

"कोणत्या पोरीचं?"

"ती नाही का, परकर खोचलेली. मायनं तिले सांगलं, जाय, बादलीभर पानी आन. माय तापानं फनफनली व्हती, तिले उठवत नव्हतं. पोर गेली विहिरीवर. बादली तिच्याहून जड व्हती."

नाना आमच्याशी कायम शहरातलं मराठी बोलत. जळगावजवळच्या असोद्याची, त्यांच्या गावची बोली त्यांच्या तोंडी फक्त तिकडे गेल्यावर यायची. आणि तो वाचणारा माणूस तर एकही शब्द पुस्तकी भाषेबाहेर बोलत नसे.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"मग वाचणारा थांबला. समाप्त म्हणाला नाही. तसाच थांबला."

रात्रीचा स्वयंपाक तसाच ठेवून मी सातवा भाग पुन्हा ऐकला. मग सहावा, मग आठवा. कुठेही विहीर नव्हती, पोरगी नव्हती. दुसरंच एखादं पुस्तक कार्डात शिरलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. शनिवारी जाऊन पाहिलं. कार्डावर तीच कादंबरी होती, भाग ओळीने लागलेले होते. या वेळी बिघाड डब्यात नव्हता.

आईला स्वयंपाकघरात नेऊन मी ती गोष्ट सांगितली. आई भिंतीला टेकली.

"तुला मोठ्या आत्याशिवाय आणखी एक आत्या होती," ती म्हणाली. "लहानपणीच गेली. विहिरीपाशी खेळता खेळता पाय घसरला, असं मला लग्नानंतर सांगितलं. त्यापुढे त्या घरात कोणी नाव काढलं नाही."

"पाणी आणायला गेली होती?"

"नाही गं. खेळता खेळता."

त्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, आईचा फोन आला. ती शेजारी दळण आणायला गेली तेवढ्यात नाना घरातून गेले होते. चपला जागेवर नव्हत्या, काठी नव्हती, डब्बाही नेला होता. मी मिळेल त्या गाडीत चढले. धुळ्याहून निघाल्यापासून खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता. ज्याला समोरचं माणूस दिसत नाही, तो महामार्गाच्या शहरात एकटा कुठे जाणार? फोन वाजला की वाटायचं, उचलू नये.

पारोळ्याच्या पुढे असोद्याहून चुलत भावाचा फोन आला.

"काका इकडे मळ्यात आहेत. रिक्षाने आले म्हणतात. उठवलं तर उठत नाहीत. तू लवकर ये."

मी पोहोचले तेव्हा ऊन कलतं होतं. मळ्यातल्या जुन्या घरासमोरची ती विहीर केव्हाच बुजवलेली. तिच्यावर आता केळीची बाग उभी आहे. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत केळीच्या पानांखाली हिरवट अंधार, ओल, आणि कुजलेल्या खुंटांचा वास. त्या अंधारात नाना मांडीवर डब्बा घेऊन मातीत बसले होते. डब्याची बॅटरी संपलेली होती. शेजारी माझी मोठी आत्या उभी होती. वयाने नानांपेक्षा बरीच मोठी, विधवा झाल्यापासून माहेरीच राहणारी. तिला सगळं गाव अक्का म्हणतं.

"नाना, इथे कशाला आलात?"

"पुढचं ऐकायला. तो मधेच थांबला ना. म्हटलं, इथे तरी सांगेल."

"कशाचं पुढचं रे भाऊ?" अक्काने विचारलं.

नानांनी तिलाही सगळं सांगितलं. तापात पडलेली माय, जड बादली, रहाटाचा ओला दोर, अंगणातून दिसणारा परकराचा रंग. वाचणाऱ्याच्याच सपाट आवाजात, पण असोद्याच्या बोलीत. अक्काचा चेहरा मी बघत होते. ती आधी नानांकडे बघत होती, मग नजर डब्याकडे गेली आणि तिथेच राहिली.

"हे तुले कोनी सांगलं?"

"हा वाचतो ना, त्यानं."

अक्का माझ्याकडे वळली. "काय काय बोलते हे यंत्र?"

"यात हे नाही, अक्का," मी म्हटलं. "मी सगळं ऐकलंय. यात हे कुठेच नाही."

अक्का केळीच्या खुंटाला धरून हळूहळू खाली बसली. चुलत भाऊ बागेच्या तोंडाशी उभा होता, त्याला तिने हातानेच लांब जायला सांगितलं.

"खरं हाये ते," ती म्हणाली. "मायनंच धाडलं व्हतं तिले. मी शेतात व्हती. हा दारात उभा व्हता, बारका. यानं पाह्यलं, पन लोकं धावले तवा लय उशीर झाला व्हता. आबानं याले जवळ घेतलं नही, रागावले नही. फक्त सांगलं, खेळता खेळता पडली म्हन. मायले कोनी बोल लावला तर ती जगनार नही. मंग आमी सारे तसंच म्हनत गेलो. माय मेली तरी तसंच म्हनत गेलो."

साठ-पासष्ट वर्षं नानांनी हे तोंडात धरून ठेवलं होतं. बायकोला सांगितलं नव्हतं, मला नव्हतं. सांगायचं नाही असं ठरवून गप्प राहणारा त्यांच्यातला जो कोणी होता, तो आता जागेवर नव्हता. त्या मळ्यात बसून मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची.

नाना अक्काचं बोलणं मन लावून ऐकत होते, एखाद्या परक्या घरची गोष्ट ऐकावी तसे. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मग त्या पोरीचं पुढे काय झालं?"

अक्काने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुढचं नही रे भाऊ. तठीच संपते ते."

"समाप्त?"

"समाप्त."

नाना लगेच उठले आणि माझा खांदा धरून बागेबाहेर आले.

जळगावच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी उतार पडेल अशी आशा ठेवू नका हेही सांगितलं. लांब कादंबऱ्या बंद करा म्हणाले. तेव्हापासून मी लहान लहान लेख भरून देते, एका बैठकीत संपणारे. तोच एक लेख नाना रोज नव्याने ऐकतात आणि रोज तितकेच रमतात. वाचणारा मात्र तोच लागतो. दुसरा आवाज लावला तर अस्वस्थ होतात, "हे कोण घरात आलंय?" म्हणतात.

आई आता दुपारी झोपत नाही. नाना काही सांगू लागले की ती आधी डब्याकडे बघते, चालू आहे की बंद. चालू असेल तर निर्धास्त होते. बंद असेल तर हातातलं काम ठेवून ऐकत बसते. बसस्टँडवरच्या दिवसांतलं, तिच्या माहेरच्या माणसांबद्दलचं, कोणी कोणाला काय म्हटलं होतं ते. त्यातलं खरं किती, ऐकलेल्या कादंबऱ्यांतलं किती, हे ती मला सांगत नाही. एकदा मी खोदून विचारलं तर म्हणाली, "काही काही मला नसतं कळलं तरी चाललं असतं."

मी अजूनही गाडीत पुस्तकं ऐकते. मागच्या महिन्यात एका शनिवारी धुळे सोडल्यावर मोबाइल काढला, तर चालू पुस्तकाच्या पुढच्या भागावर खूण होती. ऐकून झालेल्या भागावर येते तशी. मला तो ऐकल्याचं आठवत नव्हतं. मागच्या फेरीत डुलकी लागली असेल, चुकून बोट लागलं असेल, असं होतंच की, असं मनात म्हणत मी तो पहिल्यापासून लावला. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. एकही वाक्य ओळखीचं निघालं नाही. शेजारच्या बाईंनी पाणी पुढे केलं तेव्हा मला कळलं की मी घामाघूम झाले होते.

जळगावला उतरून घरी गेले. आईने चहा टाकला, प्रवास कसा झाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, "बरा झाला."