ताटाची डावी बाजू

ताटात डावीकडे वाढलेलं मालनबाईंनी कधी मोजलं नव्हतं. भाजी, चपाती, भात म्हणजे जेवण. चटणी नुसती तोंडाला चव.

त्या निफाडकडच्या खेड्यातल्या. घरात भाजी नसेल त्या दिवशी आई भाकरीवर कैरीची चटणी ठेवायची. लग्न होऊन सातपूरला आल्या, तेव्हा ती कृती सोबत आली. कैरीच्या फोडी, गूळ, तिखट, मेथी, मीठ आणि वरून लसणाची फोडणी. सव्वीस वर्षं ती चटणी नवऱ्याच्या, सहादूंच्या डब्यात जात होती. सहादू कारखान्यात क्रेन चालवायचे. डबा उघडला की शेजारी जेवायला बसणारा रंगनाथ म्हणायचा, "सहादूभाऊ, भाजी तुम्ही खा. चटणी इकडं सरकवा."

एप्रिलमध्ये कारखान्याच्या तपासणीत सहादूंना साखर निघाली. उपाशीपोटी एकशे अडुसष्ट. डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं, महिन्याने पुन्हा बघू. उतरली नाही तर क्रेनवर बसायचं नाही.

मालनबाईंचा जीव टांगणीला लागला. क्रेन हा सहादूंचा मान होता. त्यांनी चहातली साखर बंद केली. भात बंद, बटाटा बंद.

"मला काय शेळीसारखा पाला चारतेस?" सहादू ताटाकडे बघून म्हणत.

"चटणीला लावून खा की. गुळातली आहे. साखरेचा दाणा नाय तिच्यात."

सहादू चटणीला लावून खात. ताट स्वच्छ झालं की मालनबाईंना बरं वाटे.

महिन्याने साखर दोनशे चारवर गेली.

"पंधरा दिवस देतो," डॉक्टर म्हणाले. "काय काय खाता ते लिहून आणा."

लेक सृष्टी नर्सिंगला होती. ती वही घेऊन बसली. मालनबाईंनी सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं सांगितलं. चटणी सांगितली नाही. लपवली नव्हती, आठवलीच नाही.

"आई, मग साखर वाढतेय कुठून?"

मालनबाईंना एकच उत्तर सुचलं. त्यांनी सहादूंच्या शर्टाचे खिसे तपासले. डब्याची पिशवी हुंगली. शेवटी रंगनाथला फोन केला.

"भाऊ, खरं सांगा. हे बाहेर जिलबी-बिलबी खातात का?"

"काय वहिनी! चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात. आता तर तुमची चटणीही आम्हाला देत नाहीत. एकटेच संपवतात."

मालनबाईंनी फोन ठेवला. ओट्याखालची बरणी ओढली. हलकी लागली. चमचा आत घातला तर तळाशी खरवडला. एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी भरलेली बरणी दरवर्षी सहा डिसेंबरपर्यंत पुरायची. आत्ता कुठे बुद्धपौर्णिमा झाली होती.

"सृष्टी," त्या हळूच म्हणाल्या, "गूळ चालतो ना गं?"

"किती देतेस?"

"अर्धी वाटी. दोन्ही वेळेला."

सृष्टीने पेन खाली ठेवलं. "आई, रक्तात गेल्यावर गूळ काय न् साखर काय, सारखंच. वर त्यात मीठही किती असतं!"

"म्हणजे मीच…" त्यांनी बरणी मागे सरकवली.

बाहेरच्या खोलीतून सहादूंचा आवाज आला. "म्हणजे आमचे खिसे उगाच तपासले म्हणायचे!"

सृष्टी हसली. मालनबाईंना हसू आलं नाही.

सकाळी त्यांनी कैरी किसली. कांदा, कोथिंबीर आणि थोडं दाण्याचं कूट घातलं. मीठ चिमूटभर. गुळाच्या डब्याकडे हात गेला आणि मागे आला.

"कैरी चांगलीच आहे," सृष्टी म्हणाली. "सी जीवनसत्त्व असतं तिच्यात. पण चटणीसारखी वाढ, भाजीसारखी नको."

सहादूंचे दात आंबले. तरी त्यांनी ताट स्वच्छ केलं.

पंधराव्या दिवशी ते तपासणीला गेले. मालनबाई दुपारपर्यंत फोनपाशी बसून राहिल्या. दोनदा पाणी प्यायला उठल्या आणि न पिताच परतल्या.

फोन आला. "एकशे बेचाळीस. क्रेन राहिली. पण दर महिन्याला दाखवायचं."

"दर महिन्याला?"

"हो. आणि डॉक्टर वही बघून म्हणाले, चटणी सगळ्यात वर कोणी लिहिली?"

"मीच," मालनबाई म्हणाल्या. रात्री ताट वाढताना त्यांनी एक चमचा चटणी घातली. थोडी जास्त वाटली. चमच्याच्या टोकाने त्यांनी त्यातली थोडी परत काढली.