बारीक बुडबुड्याच्या मागे

मला पाण्याखालचं काम शिकवणाऱ्या बाबलदादांनी त्या दिवशी माझा पट्टा धरून ठेवला, म्हणून आज मी अंदमानच्या धक्क्यावरच्या टपरीत बसून सोड्याची बाटली बघतोय. टपरीवाला झाकण जरासं सैल करतो, फुसफुस निवू देतो, मगच उघडतो. शेजारच्या गिऱ्हाइकाने घाई केली आणि सगळा फेस त्याच्या शर्टावर आला. लोक हसले. मला मात्र तो दिवस आठवला.

खोल पाण्यात पाठीवरच्या टाकीतली हवा रक्तात अशीच मुरते, सोड्यात वायू मुरतो तशी. हळू वर आलं तर श्वासावाटे निघून जाते. झपकन आलं तर अंगातच फेस होतो. हे मला माहीत होतं. तरी मास्कमध्ये पाणी शिरलं आणि मी श्वास कोंडून वर सुटलो. मी लाथा झाडत होतो, तरी दादांनी पट्टा खेचला, श्वास सोडावा म्हणून छातीवर थाप मारली आणि बोटाने माझाच एक बारीक बुडबुडा दाखवला. वर जाताना त्याच्या मागे राहायचं, पुढे जायचं नाही. मग रक्तातली हवा निघून जावी म्हणून होडीचा दोर धरून आम्ही थांबलो. डोक्यावर होडीचं बूड दिसत होतं आणि जाता येत नव्हतं.

वर आल्यावर दादा मालवणीत कडाडले, “वर काय तुझां लगीन लागताहा?”

आठवीत शाळा सोडली, मग माझं गाव, जत, सोडलं. जीव घाबरला की मी पळतच आलोय. थांबायला कुणी लावलं नव्हतं.

दादा, कधी खाली तुमचा जीव घाबरला, तर तुमचा पट्टा मी धरीन. कितीही लाथा मारा, सोडणार नाही.