दहा शत्रू आणि एक पक्कड

मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये वायरलेस ऑपरेटर होतो. नव्वदच्या दशकात आमचं पोस्टिंग सीमेवरच्या एका उंच पोस्टवर होतं. सकाळी सहाला लाइन टेस्ट, दर तासाला रिपोर्ट. स्वभावाने मी अबोल. घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत सटकणारा. वायरलेस सेटवर मात्र कधी अडखळलो नाही. ट्रेनिंगमधले आमचे उस्ताद सांगायचे, "पहले सोच, फिर बटन दबा. एक ही आदमी से बात कर."

लान्स नायक दिनेश वसईकडचा, आमचा लाइनमन. एका दुपारी शेलिंगमध्ये टेलिफोनची केबल तुटली. सेटची बॅटरी आधीच गेलेली. पोस्टवर तीन जखमी.

"भाऊ, मी जोडून येतो," एवढंच म्हणून तो निघाला.

१५१० वाजता, म्हणजे तीन दहाला, लाइन सुरू झाली. मी स्ट्रेचर पार्टी मागवली. परतताना दिनेशला तोफगोळ्याचा स्प्लिंटर लागला. तो गेला.

रिटायर होऊन मी विरारला, मनवेलपाड्यात राहायला आलो. दिनेशच्या घरी एकदा गेलो, चहा प्यालो आणि तोंड न उघडता परतलो. पुढे प्रजासत्ताक दिनी इथल्या एका मंडळाने त्याच्या आईचा सत्कार केला. सूत्रसंचालक माइकवर ओरडला, "दहा शत्रूंना यमसदनी धाडणारा वाघ!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दहा शत्रू! अरे, त्याच्या हातात पक्कड होती! कुणाला विचारलंत? मंडळाचा संताप आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा. मी खुर्चीत गप्प बसून राहिलो होतो.

पुढच्या वर्षी त्यांनी मलाच भाषणाला बोलावलं. हातात तयार कागद दिला. तेच दहा शत्रू.

"हे खोटं आहे."

"अहो काका, पब्लिकला जोश लागतो. जरा आवाज चढवून वाचा."

"आणि गोळे पडत असताना वायर जोडायला जोश लागत नाही?"

"तसं नाही हो, पण टाळ्या कुठे पडणार?"

कागद चुरगळून खिशात कोंबला. दहा पस्तीसला माइकसमोर उभा राहिलो. गर्दीकडे पाहिलंच नाही. पहिल्या रांगेतल्या दिनेशच्या आईकडे पाहिलं आणि सेटवर बोलायचो तसं बोललो. वेळ, जागा, कोण, काय. दोन मिनिटांत संपवलं. टाळी एकही पडली नाही. बरंच झालं.

खाली उतरलो तर दिनेशच्या आईने हात धरला.

"म्हंजे त्यानं कोनाला मारलं नाय?"

"नाही, मावशी."

"वरीसभर मला झोप नाय, बाबा. माझा पोर तसा नव्हताच. आनि ती तिघं? जगली?"

"जगली."

"नावं सांग."

मंडळाचा माणूस हार घेऊन घाई करत होता. त्याला मी हातानेच थांबवलं आणि नावं सांगितली. गुरमीत, शिवाप्पा, तानाजी. मावशींनी ती एकेका बोटावर परत म्हटली. मग चौथं बोट धरलं आणि म्हणाल्या, "दिनेश."