बादलीतले पाय

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की चहा टाकायच्या निमित्ताने उठून जायचो.

डोंबिवलीतल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी तंत्रज्ञ होतो. वहिनींच्या पायांची बोटं तेव्हा अचानक लालबुंद होत, आग आग होई. गार पाण्याच्या बादलीत पाय बुडवून त्या भाजी निवडत बसत. दादा चिडवायचा, "भरला का महाराणींचा दरबार?"

"भाऊजी, यांची बोटं एकदा तव्यावर टेकवा हो. मग कळेल दरबार!"

वहिनींचं रक्त मीच काढलं. यंत्राने प्लेटलेट्सचा आकडा भलताच मोठा दाखवला. त्या आठवड्यात यंत्र दोनदा चुकलं होतं. अशा वेळी काचेवर थेंब पसरून, रंगवून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचाच, हे मीच इतरांना बजावत असे. स्लाइड केली, रंगवलीही. पण घरचं माणूस, उन्हाळ्याचे दिवस, होत असेल आग. न बघताच आकडा खोडला आणि लिहिलं : 'प्लेटलेट्स पुरेशा'. तो रिपोर्ट वाचून सगळे निश्चिंत झाले.

दोन महिन्यांनी पायाची करंगळी निळी पडली, तेव्हा मी त्यांना ठाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा तसाच मोठा. म्हणाले, "प्लेटलेट्स फार झाल्यात आणि एकमेकींना चिकटतायत. बोटांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून ही आग."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ट्रेमधली जुनी स्लाइड काढली. जिथे बघावं तिथे प्लेटलेट्सचे पुंजके. लहान मुलालाही दिसले असते.

अॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू झाली, मागाहून आणखी एक औषध. तीन-चार दिवसांत आग शमली. करंगळीचा रंग परतायला महिना लागला, पण परतला. आज वहिनी सत्तरीत आहेत. दादाबरोबर खडवलीला राहतात, गोळ्या चुकवत नाहीत, भर दुपारी गच्चीवर पापड वाळत घालतात. बादलीत आता कढीपत्ता लावलाय.

आल्यागेल्याला त्या सांगतात, "आमच्या भाऊजींनी वेळेवर ठाण्याला नेलं, म्हणून बोट राहिलं." दादा मान डोलावतो.

दर वेळी त्यांच्याकडे जायला कल्याणहून घरून निघताना मी मनात वाक्यं जुळवतो. दारातच त्या म्हणतात, "आलात? बसा, पोहे टाकते." आणि मी बसतो.

वहिनी, ती स्लाइड मी पाहिलीच नव्हती. ते दोन महिने तुम्ही माझ्यामुळे सोसलेत. मला माफ करा.