दाजी घड्याळ उलटं करून बघतात

आमच्या दाजींकडे लढाईतली चाळीसेक घड्याळं आहेत आणि दाजी कुठेही वेळेवर पोहोचत नाहीत. स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा आले होते, पण ती हकीकत ताईनेच सांगावी. काही म्हटलं तर उत्तर तयार असतं, "ही घड्याळं वेळ बघायला नाहीत." ताई बिचारी वेळ बघते ती स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या घड्याळात.

पोटापाण्यासाठी दाजींचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक डोळे तपासायला खुर्चीत बसलं की दाजी आधी त्याच्या मनगटाकडे बघतात. एखाद्या म्हाताऱ्याच्या हातात काळ्या तबकडीचं जुनं घड्याळ दिसलं, की भिंतीवरची अक्षरं राहिली बाजूला. "हे कुठून आलं? घरात कोण होतं फौजेत?" लष्कराच्या घड्याळाच्या पाठीवर खूण आणि नंबर कोरलेला असतो. त्यावरून ते कोणत्या साली, कोणत्या दलाला दिलं, हे दाजी महिनोन् महिने धुंडाळत बसतात. मग जेवताना आम्हाला अख्खी लढाई ऐकावी लागते. मिठाची बरणी म्हणजे टेकडी, चमचे म्हणजे तोफा. आणि एवढा हा सेनापती, भिंतीवर पाल दिसली की ताईला हाक मारतो.

एक मात्र कबूल करायला हवं. घड्याळाच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलत नाही. जुन्या बाजारात कुणी एकाची तबकडी आणि दुसऱ्याचे काटे जोडून घड्याळ अस्सल म्हणून पुढे केलं, की दाजी चारचौघांत सांगून मोकळे होतात. निम्मे विक्रेते त्यांना लांबून बघूनच माल झाकतात.

त्यांची खरी उपासमार व्हायची ती सासुरवाडीला. आमचे बाबा तरुणपणी फौजेत होते, जखमींचे स्ट्रेचर वाहायचे. एका साहेबाला त्यांनी खांद्यावर टाकून आणलं, साहेब वाचला आणि त्याने आपलं घड्याळ बाबांना दिलं, ही गोष्ट ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो. ते घड्याळ बाबांच्या हातात कायम असायचं. लग्न झाल्यापासून दाजी त्याच्याभोवती घिरट्या घालत होते. "बाबा, एकदा झाकण उघडून बघू द्या ना." बाबा हात पाठीमागे न्यायचे. "मुलगी दिली, जावईबापू. आता घड्याळपण?"

मग बाबांना मोठं आजारपण आलं. त्यातून उठल्यावर एके सकाळी त्यांनी आपणहून घड्याळ काढलं आणि दाजींच्या तळहातावर ठेवलं. "बघा काय ते. आणि मला सांगा." दाजी ते तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांत धरून घरी घेऊन गेले.

त्यानंतर दाजी गप्पच झाले. जेवताना टेकडी नाही, तोफा नाहीत. ताई घाबरली. शेवटी त्यांनी मला दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन दाखवलं. घड्याळाची पाठ कानशीने घासून गुळगुळीत केलेली होती. झाकणाच्या आतला कारखान्याचा नंबर मात्र शाबूत होता.

"हे लढाई संपल्यावर दोन वर्षांनी बनलंय," दाजी म्हणाले. "साहेबाने दिलेलं हे असूच शकत नाही."

"मग सांगू नका. अस्सल आहे म्हणा. तुमचं काय जातंय?"

"मला नाही रे जमणार."

ताईने तर दम भरला, "बाबांना एक शब्द बोललात, तर तुमचा सगळा खजिना भंगारात घालीन." दाजींचा चेहरा बघून मला आधी हसू येत होतं, मग येईना. म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यातली ती एकच मोठी गोष्ट, आणि ती मोडायची पाळी जावयावर.

रविवारी आम्ही तिघं बाबांकडे गेलो. दाजींनी खुर्ची ओढली आणि घड्याळ बाबांच्या हातात दिलं.

"नंतरचं आहे ना?" बाबाच म्हणाले.

दाजींनी होकारार्थी मान हलवली.

"बाजारातून घेतलं मी. पाठही मीच घासली." बाबा खिडकीकडे बघत होते. "साहेब वाचला नाही. 'ठेव तुला' म्हणून घड्याळ त्याने माझ्या मुठीत कोंबलं होतं. पण तो गेल्यावर ते मी परत त्याच्या मनगटाला बांधलं. मेलेल्या माणसाचं कसं घ्यायचं? तेवढ्यात पुढे जायचा हुकूम आला. त्याला तिथेच ठेवून गेलो. पुरायला मागून दुसरे येणार होते." मग ते म्हणाले, "तुमच्या आईला हे सांगवेना, म्हणून वाचला म्हटलं. एकदा म्हटल्यावर घड्याळ आणणं आलंच."

ताईचे डोळे भरून आले. बाबांनी डोळे मिटले आणि एकेक आकडा सावकाश उच्चारत एक नंबर म्हटला.

"बांधताना पाठीवर वाचला होता. अजून तोंडपाठ आहे. जावईबापू, तुम्ही इतकी घड्याळं उलटी करून बघता. हा नंबर कधी कुठे विकायला आलेल्या घड्याळावर दिसला का?"

मला कळायला वेळ लागला. दाजींना लगेच कळलं. आपण निघून गेल्यावर कुणी त्या साहेबाच्या हातातून ते काढून तर घेतलं नाही ना, एवढंच बाबांना इतकी वर्षं जाणून घ्यायचं होतं.

"नाही, बाबा. कधीच नाही."

"नक्की?"

"नक्की. दिसला असता तर मी विसरलो नसतो."

बाबांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला त्या क्षणी दाजींचा हेवा वाटला, आणि मायाही फार वाटली.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मी दाजींबरोबर जुन्या बाजारात गेलो होतो. बाबांनी सांगितलेल्या नंबरावरून दाजींनी साहेबाच्या घड्याळाची जात कधीच शोधून काढली होती, त्याच जातीचं एक घड्याळ तिथे मांडलेलं होतं. दाजींनी ते उचललं, पण उलटं करायला धजेनात. मी म्हटलं, "बघा की." त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, घड्याळ उलटं केलं, ओठ हलवत नंबर वाचला आणि लहान मुलासारखे हसले.

"ते नाही रे," म्हणाले, "ते नाही." आणि घड्याळ जागच्या जागी ठेवून दिलं. काहीही न घेता हा माणूस एवढा खूश कशाने झाला, ते विक्रेत्याला काही कळेना.