विमानाचा माल आणि कौसाबाई

उल्हासनगरला मुकेशशेठच्या भंगाराच्या गोडाऊनमध्ये विमानाचा माल आला की तो थेट कौसाबाई भालेरावांच्या टेबलापुढे उतरायचा. विमानाचा माल म्हणजे देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांत प्रवाशांनी वापरून टाकलेलं सगळं: पाण्याचे ग्लास, जेवणाचे डबे, चमचे, दह्याच्या वाट्या. विमानांना जेवण पुरवणारी एक कंपनी तो पोत्यांत भरून पाठवायची. गोडाऊनमध्ये बायका तो निवडायच्या, मशीनमध्ये त्याचा चुरा व्हायचा आणि चुऱ्याची पोती अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात जायची. तिथे तो वितळवून त्याचा दाणा करत, आणि त्या दाण्याचे पुढे कंगवे, हँगर, मुलांच्या पट्ट्या.

कौसाबाईंनी या कामात एकवीस वर्षं काढली होती. नवरा लवकर गेला. अंबरनाथला शिवमंदिराच्या पलीकडच्या वस्तीत राहून त्यांनी दोन मुली शिकवल्या, त्यातली धाकटी आता बदलापूरला कात्रपमध्ये दवाखान्यात नर्स होती. स्वतः सातवी पास. पण प्लास्टिकचा तुकडा वाकवून, टेबलावर आपटून, फारच शंका आली तर काडीनं पेटवून त्या तो कशाचा ते सांगायच्या. गोडाऊनमधले बाकीचे म्हणायचे, "बाई, याची जात कोणती?" कौसाबाई म्हणायच्या, "मी जात नाही बघत. गुण बघते."

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी अंबरनाथला गेलेला टेम्पो भरलेलाच परत आला. मुकेशशेठ फोन कानाला लावूनच गोडाऊनमध्ये शिरले.

"कौसाबाई, ये क्या किया तुम लोगों ने? पूरा माल वापस! दाणा ठिसूळ झाला बोलतायत. पट्टी हातात घेतली की मोडते!"

बायकांचे हात थांबले. शेठ मनानं वाईट नव्हते, पण चिडले की समोर दिसेल त्याच्यावर चिडायचे. त्या दिवशी समोर गंगू होती. दोन महिन्यांपूर्वी लागलेली, बदलापूर गावातून येणारी, अजून प्रत्येक ग्लास दोनदा उलटून बघणारी.

"नवीन लोक ठेवले की असंच होतं," शेठ म्हणाले. "गंगू, तू उद्यापासून येऊ नको."

गंगूच्या डोळ्यांत पाणी आलं. कौसाबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या.

"शेठ, तिनं निवडलेलं पोतं मी स्वतः बघते, रोज. चूक असेल तर ती माझी. पण चूक झालेली नाही. हात तेच आहेत, माल बदललाय."

"माल कुठे बदलला? तेच ग्लास, तेच डबे."

"दोन दिवस द्या. दाखवते."

शेठनी हात झटकले, पण नाही म्हणाले नाहीत. एकवीस वर्षांत या बाईनं उगाच काही बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

कौसाबाईंनी गंगूला बरोबर घेतलं. परत आलेलं एक पोतं आणि न फोडलेल्या ग्लासांची चार पोती त्यांनी मागच्या शेडमध्ये नेली. ग्लास सगळे सारखेच, पारदर्शक, कडक, दाबले की चुरचुरणारे. कानाला फरक कळेना. मग त्यांनी एकेक ग्लास पक्कडीत धरून पेटवायला सुरुवात केली. पहिला काळा धूर सोडत जळला, काजळीचे धागे हवेत उडाले. रोजचा माल. दुसरा तसाच. तिसराही. पाचवा पेटवला आणि कौसाबाई थबकल्या. धूर जवळजवळ नाही. ज्योत निळसर. वास गोडसर, मक्याचं कणीस भाजल्यासारखा.

"गंगू, हुंग बघू."

"अक्का, हे प्लास्टिकच नाही वाटत."

"आहे. पण आपलं नाही."

गंगूनं ग्लास उलटा केला. तिचे डोळे तरणे. बुडाला नखाएवढं पान कोरलेलं होतं आणि प्लास्टिकचा प्रकार सांगणाऱ्या त्रिकोणात नेहमीच्या सहाच्या जागी सात आकडा. तिनं पोत्यात हात घालून तसे ग्लास शोधायला सुरुवात केली. दर पाच-सहा ग्लासांमागे एक निघत होता.

रोग तर सापडला. पण दिवसाला हजारो ग्लास येणार, त्यातले अर्धे चेपलेले, बुडाला उष्टं चिकटलेलं. प्रत्येकाचं बूड कोण वाचणार? आणि अंबरनाथहून परत आलेल्या चुऱ्याचं काय? तो तर तांदळाएवढा बारीक झालेला.

त्या संध्याकाळी कौसाबाई घरी भाकरी थापत होत्या, पण मन चुऱ्यातच होतं. कोपऱ्यात खारातल्या कैऱ्यांची बरणी होती. त्यांच्या सासूबाई कैऱ्या घालताना मिठाच्या पाण्यात अंडं सोडायच्या. साध्या पाण्यात बुडणारं अंडं वर आलं म्हणजे मीठ पुरेसं झालं. कौसाबाईंनी भाकरी तव्यावरून उतरवली, पातेल्यात पाणी घेतलं आणि डब्यातलं मीठ मूठमूठ टाकत ढवळत राहिल्या. पिशवीतून आणलेले दोन्ही प्रकारचे ग्लास कात्रीनं कापून तुकडे पाण्यात सोडले. जुन्या ग्लासाचे तुकडे वर तरंगले. पानवाल्या ग्लासाचे तळाला जाऊन बसले. त्यांनी सगळे काढले, पुन्हा टाकले. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी त्या खडेमिठाची गोणी रिक्षात घालूनच गोडाऊनला आल्या. निळ्या ड्रममध्ये पाणी भरलं, मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं आणि परत आलेला चुरा घमेल्यानं ओतला. गंगू बांबूनं ढवळत होती. बुडबुडे सुटले, पाणी शांत झालं. वर पांढुरका थर, खाली वेगळा थर. मुकेशशेठ ड्रमवर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"ये तो कमाल हो गया," ते हळूच म्हणाले. मग गंगूकडे न बघताच म्हणाले, "उद्या वेळेवर ये."

"तिच्याकडे बघून बोला, शेठ," कौसाबाई म्हणाल्या.

शेठ ओशाळले, पण वळले आणि बघून बोलले.

कौसाबाई आणि शेठ अंबरनाथच्या कारखान्यात गेले, तरंगलेल्या आणि बुडालेल्या चुऱ्याच्या दोन पिशव्या घेऊन. तिथल्या प्रयोगशाळेत वृंदा म्हणून तिशीची मुलगी माल तपासायची. तिनं आधी शेठकडे बघितलं. शेठनी कौसाबाईंकडे बोट केलं. वृंदानं तरंगलेला चुरा मशीनवर वितळवला, त्याची पट्टी काढली आणि वाकवली. पट्टी मोडली नाही.

"मावशी, हा दुसरा माल मक्यापासून बनवतात," ती म्हणाली. "वनस्पतीजन्य. खास गरम खतखड्ड्यात त्याची माती होते. चांगली वस्तू आहे, पण दुसऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळली की दोन्हीचं वाटोळं. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

"ग्लास बदलणाऱ्यांना आम्ही आहोत हेच ठाऊक नसेल," कौसाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "आता ठाऊक करून देऊ."

"पण मिठानं आमची मशीन गंजेल हो."

"चुरा दोनदा साध्या पाण्यातून काढून पाठवू. तुम्ही जिभेवर ठेवून बघा हवं तर."

वृंदा हसली आणि तिनं मीठ मोजायचं यंत्र बाहेर काढलं.

पंधरा दिवसांनी जेवण पुरवणाऱ्या कंपनीच्या जिज्ञासा नावाच्या अधिकारी गोडाऊनमध्ये आल्या. वृंदानं कंपनीला पाठवलेल्या अहवालामुळे त्यांना यावंच लागलं होतं. त्यांनी सांगितलं की नवे ग्लास पर्यावरणासाठी आणलेत, हळूहळू सगळ्याच विमानांत येतील.

कौसाबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि समोर दोन ग्लास ठेवले. "मॅडम, यातला तुमचा नवा कोणता?"

जिज्ञासामॅडमनी दोन्ही उचलून बघितले. मग उलटे केले, चष्मा वर सरकवला.

"आम्हाला हे दिवसातून हजारो वेळा करायचं असतं," कौसाबाई म्हणाल्या. "ग्लास चांगलाय, ठेवा. पण काठाला हिरवी रेघ द्या, लांबून दिसेल अशी. आणि विमानातून उतरतानाच वेगळ्या पिशवीत टाका. माती व्हायचीय ना त्याची? मग आमच्याकडे पाठवूच नका, खड्ड्याकडे पाठवा."

मॅडमनी वहीत लिहून घेतलं. वेगळी पिशवी महिन्याभरात सुरू झाली. हिरवी रेघ यायला मात्र पावसाळा संपावा लागला, कारण जुने ग्लास आधी संपवायचे होते. तोवर मिठाचा ड्रम रोज चालला आणि गंगू त्यात इतकी तयार झाली की पाण्याकडे बघून मीठ कमी पडलंय हे सांगू लागली.

दिवाळीनंतर अंबरनाथच्या कारखान्यानं कौसाबाईंना बोलावणं पाठवलं. येणारा प्रत्येक माल मशीनमध्ये जाण्याआधी त्यांनी बघायचा. त्या शेठना भेटल्या. शेठ म्हणाले, "तुम्ही गेल्यावर माझं टेबल कोण बघणार?"

"गंगू."

शेठनी या वेळी वाद घातला नाही.

कारखान्यातल्या पहिल्या दिवशी ऑफिसात बसलेल्या विनीत नावाच्या कारकुनानं त्यांच्या ओळखपत्राचा कागद भरला आणि सहीसाठी पुढे केला. कौसाबाईंनी तो नीट, ओळ न ओळ वाचला. हुद्द्याच्या रकान्यात 'मदतनीस' लिहिलं होतं.

"हे खोडा," त्या म्हणाल्या.

"मावशी, बायकांना इथे तेच लिहितो आम्ही."

"मी मदत करायला नाही आले. माल पास करायला आणि नापास करायला आलेय. तेच लिहा."

विनीतनं दारात उभ्या असलेल्या वृंदाकडे बघितलं. वृंदानं होकाराची मान डोलावली. त्यानं कोरा कागद घेतला आणि लिहिलं: कौसाबाई भालेराव, माल परीक्षक. कौसाबाईंनी सही केली, पदर खोचला आणि आलेल्या पोत्यांपैकी पहिल्याचं तोंड सोडलं.